श्रावणाआधी चार दिवस फोंताइन्यासात

दिवस पहिला, मंगळवार

आमच्या घरात गोव्याला जायचं म्हणजे कवळ्याला जायचं. शांतादुर्गा आमचं कुलदैवत. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, कुणाचा राहून गेलेला नवस, असं काही ना काही निघतं आणि दर दोन-तीन वर्षांनी ओटीचं सामान बांधून आम्ही निघतो. अग्रशाळेत खोली, सकाळी अभिषेक, दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी परतीची गाडी. आई या घरात सून म्हणून आली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली आणि एवढ्या वर्षांत तिने पणजी पाहिली ती कदंबाच्या बसस्टँडवरून, नाहीतर टॅक्सीच्या काचेतून.

"यंदा आपण दोघीच जाऊ आणि पणजीत राहू," मी म्हटलं.

"पणजीत काय आहे?" बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले. देव सोडून गोव्यात आणखी काही पाहण्यासारखं असतं हे त्यांना मान्यच नाही. त्यामुळे ते येणार नव्हते, आणि खरं सांगायचं तर ते बरंच झालं.

आईची अट एकच होती: श्रावण लागायच्या आत. कारण सांगायला नको. तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. श्रावणात महिनाभर मासे बंद, म्हणून आषाढात भरपाई करून घ्यायची ही तिची रीत. मी उत्साहाने जुलैची तिकिटं काढली आणि मगच लक्षात आलं की गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. कोळंबीच्या आशेने निघालेल्या बाईला मी नेमकी बंदीच्या काळात घेऊन चालले होते. तिला सांगितलं तर म्हणाली, "माहीत होतं मला. नदीचे मिळतात की."

हॉटेल मी फोंताइन्यासात शोधलं होतं. पणजीतला हा जुना पोर्तुगीज वळणाचा मोहल्ला, एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला ओरेमची खाडी. जुन्या घराचंच हॉटेल केलेलं, खोल्या नऊ, पावसाळ्यामुळे दर जवळजवळ निम्मा. आईच्या गुडघ्यांमुळे तळमजल्याची खोली हवी असं मी फोनवर एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

ठाण्याला मांडवी एक्स्प्रेस पकडली. पावसाळी वेळापत्रकामुळे कोकण रेल्वे जपून चालते, आणि ते योग्यच आहे. दरडीखाली जाण्यापेक्षा दोन तास उशीर परवडला. कटलेट, ऑम्लेट, चहा, पुन्हा चहा. रत्नागिरीपुढे सगळं हिरवं आणि धुरकट. करमळीला उतरलो तेव्हा दिवे लागले होते.

टॅक्सीवाल्याला मी मुद्दाम रायबंदरच्या रस्त्याने घ्यायला सांगितलं. रायबंदर आणि पणजीमधला तो सरळसोट बांध म्हणजे पोंत द लिन्यारेस. लिन्यारेसच्या काउंटने, म्हणजे तेव्हाच्या व्हाइसरॉयने, १६३३-३४ मध्ये बांधून घेतला. जांभ्या दगडाचा, सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, आणि आज चारशे वर्षं होत आली तरी त्यावरून बस, ट्रक, आमची टॅक्सी सगळं जातंय. एका बाजूला मांडवी नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरांची ओली जमीन. हे सगळं मी आईला मोठ्या हौसेने सांगत होते. ती ऐकत नव्हती. ती नदीकडे बघत होती.

"इथेच कुठेतरी फेरीबोट लागायची," ती म्हणाली. "पूल पडला होता ना तेव्हा."

मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला. त्या वर्षी दिवाळीनंतर आई मला आणि दादाला घेऊन वेंगुर्ल्याहून एसटीने बेतीपर्यंत आली होती आणि तिथून फेरीबोटीने पणजी. "तू कडेवर, दादा हाताला, आणि ओटीची पिशवी दातात धरायची बाकी होती. बोटीत एवढी गर्दी की नारळ पाण्यात पडला."

"मग?"

"मग काय, फोंड्याला दुसरा घेतला. देवीला सांगितलं नाही."

मोहल्ल्याच्या तोंडाशी टॅक्सी थांबली, कारण पुढे गल्ली तिला पुरत नव्हती. दोन छत्र्या, दोन बॅगा, आणि पायाखाली पाणी. हॉटेलचा दरवाजा उघडला तो पंचविशीतल्या एका मुलाने. हसरा, बोलायला गोड. आणि त्याच गोडव्याने त्याने सांगितलं की तळमजल्याच्या खोलीत भिंतीला ओल आली आहे, म्हणून आम्हाला वरची दिली आहे. "वरची मोठी आहे मॅडम, तुम्हाला जास्त आवडेल."

जिना लाकडी, अरुंद आणि उभा. शिडी म्हटलं तरी चालेल असा. माझा आवाज चढला. दोनदा सांगितलं होतं, फोनवर होकार दिला होता, ओल काय आज सकाळी आली का, वगैरे. तो बिचारा "सॉरी मॅडम, उद्या बघतो" एवढंच म्हणत होता. आमचं हे चालू असताना आई कठड्याला धरून चढायला लागलीसुद्धा. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, मध्ये थांबत, वर पोचली. वरून हाक आली, "भांडण झालं असेल तर ये. खिडकी बघ."

रात्री साडेनऊला बाहेर काहीही नव्हतं. कौलांवर पाऊस, खाडीच्या बाजूने बेडूक, आणि समोरच्या घरात कुणीतरी भांडी विसळत होतं. ठाण्यात आमच्या घराखाली रिक्षा स्टँड आहे. झोप लागायला मला उगीचच वेळ लागला.

दिवस दुसरा, बुधवार

सकाळी पों पों वाजलं. मी कूस बदलली. आई मात्र ताडकन उठून खिडकीत.

"पोदेर!"

सायकलच्या मागे मोठी करंडी, तिच्यावर निळं प्लास्टिक, डोक्यावर रेनकोटची टोपी, आणि हँडलला रबरी भोंगा. समोरच्या घरातून एक आजोबा बनियनवर आले, काही न बोलता हात पुढे केला, पोदेराने काही न बोलता चार पाव हातात ठेवले. रोजचं गिऱ्हाईक कसं असतं ते बघा. आईने वरूनच ओरडून पोळ्या मागितल्या. पोळी म्हणजे आपली पोळी नव्हे. कोंड्याची, पोकळ, खिशासारखी उघडणारी ती पोयी. मला खाली पिटाळण्यात आलं. हातात घेतली तर अजून गरम, वरून कोंडा लागलेला, बोटाने दाबली की फुस्स करून वाफ सोडणारी. खिडकीशी उभ्या राहून आम्ही दोघींनी एकेक कोरडीच खाल्ली. नंतर नाश्त्याला लोणी होतं, पण पहिलीची चव नाही आली.

आता त्या खिडकीविषयी. तिला काच नव्हतीच. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत तळहाताहूनही लहान अशा चौकोनी शिंपल्यांच्या चकत्या ओळीने बसवलेल्या होत्या. आईने नखाने टिचकी मारली. काचेचा आवाज येत नाही, जाड कागदाचा येतो. जवळून पाहिलं तर प्रत्येक चकतीत पातळ पापुद्रे, कांद्याच्या सालीसारखे, आणि काही ठिकाणी दुधाच्या सायीसारखा पिवळा डाग. पूर्वी काच महाग आणि हा चपटा शिंपला इथल्या खाड्यांत भरपूर, म्हणून गोव्याच्या घरांना आणि चर्चना अशा खिडक्या. त्यातून बाहेरचं दिसत काहीच नाही, फक्त उजेड येतो. तोही पावसाळ्यातला, त्यामुळे सकाळी आठ वाजता खोलीत ताकासारखा प्रकाश होता. बाहेर बघायचं तर खिडकी उघडावीच लागते. आणि उघडली की समोरच्याला तुम्ही दिसता. पडद्याआडून बघायची सोय नाही.

मॅनेजर मुलगा खोली बदलून द्यायला आला तेव्हा आई म्हणाली, "राहू दे रे. मला इथून हलायचं नाही." माझ्या कालच्या भांडणाची किंमत शून्य झाली.

नाश्ता वाढणारी मावशी पेडण्याची निघाली. पेडणे आणि वेंगुर्लं यांच्यात राज्याची सीमा आहे हे या दोघींना कुणी सांगितलं नसावं.

"तुमी खंयच्यो?"

"माजां म्हायार वेंगुर्लां."

झालं. मी माझा चहा स्वतः ओतून घेतला. पाच मिनिटांत आईने शोधून काढलं की मावशीच्या जावेचं माहेर आरवलीला आहे, आणि दहाव्या मिनिटाला विषय माशांवर आला. दुपारी काय करणार याची यादी मला न विचारता ठरली: काळुंदर मिळालं तर बघते, नाहीतर तिसऱ्या, आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर तर आहेच. हॉटेलच्या छापील मेनूत यातलं काहीही नव्हतं.

पाऊस उघडल्यावर निघालो. मोहल्ला एवढासा आहे की भरभर चाललात तर वीस मिनिटांत संपेल. आईच्या चालीने दोन तास लागले. निळी, पिवळी, गेरूच्या रंगाची घरं, पांढऱ्या कडा, लोखंडी नक्षीची गॅलरी, दारावर निळ्या-पांढऱ्या टाइलवर घराचं नाव किंवा नंबर. कौलांवर कुठे कुठे मातीचा कोंबडा. पोर्तुगीज अमलात पावसाळा संपला की घर रंगवून घ्यायचा दंडक होता, आणि पांढरा रंग तेवढा चर्चसाठी राखलेला. म्हणून ही रंगपंचमी. इंटरनेटवर जे फोटो दिसतात ते सगळे डिसेंबरातले, ताज्या रंगाचे. जुलैत भिंतींवर काळे ओघळ असतात, शेवाळ असतं, एका ठिकाणी तर पिवळ्या भिंतीला पोपडे सुटून खालची निळी आणि तिच्याही खालची गुलाबी दिसत होती. मला तीच भिंत सगळ्यात आवडली. तिचे मी नऊ फोटो काढले. दिवसअखेर मोजले तर एकूण एकशे चाळीस.

मोहल्ल्याच्या मुख्य रस्त्याचं नाव '३१ जानेवारी रस्ता'. तिथे एक गाइड छत्रीखालच्या सहा जणांना सांगत होता की १६४० साली या दिवशी पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला. तसं नाही. तो दिवस १ डिसेंबर. पोर्तुगालातही गावोगाव ३१ जानेवारी नावाचे रस्ते आहेत, ते १८९१ मध्ये पोर्तू शहरात राजेशाहीविरुद्ध झालेल्या उठावाच्या आठवणीचे. उठाव फसला, पण १९१० मध्ये प्रजासत्ताक आल्यावर त्या तारखेचं भाग्य उजळलं. मी पुढे होऊन सांगणार होते, आईने दंड धरला. "त्याचं पोट आहे त्याच्यावर."

मोहल्ला वसला कसा, त्याचीही गोष्ट छान आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला आंतोनियु जुआंव द सिकेरा नावाचा गोवेकर मोझांबिकात पैसा कमावून परत आला आणि त्याने इथे माड लावले. लोक त्याला मोस्मीकर म्हणायचे, म्हणजे मोझांबिकवाला. आपल्याकडे दुबईहून आलेल्याला दुबईवाला म्हणतात तसंच. माडांच्या जागी हळूहळू घरं आली. जुन्या गोव्यात रोगराईने माणसं टिकेनात, कारभार पणजीला सरकत गेला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि कारकून, अधिकारी, त्यांची कुटुंबं राहायला आली ती इथे.

सेंट सेबॅस्टियनचं चॅपेल गल्लीच्या टोकाला. एरवी बंद असतं म्हणे. आम्ही गेलो तेव्हा एक बाई आत फुलं बदलत होत्या. त्यांनी मानेनेच 'या' म्हटलं. चपला काढायच्या की नाही यावर आई दारात अडखळली, आणि शेवटी काढल्याच.

आत एक मोठा लाकडी क्रूस आहे. त्यावरच्या येशूची मान खाली पडलेली नाही. ती ताठ आहे आणि डोळे उघडे आहेत. हा क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. धर्मचौकशीसाठी आणलेली माणसं याच्यासमोर उभी केली जायची, आणि ते उघडे डोळे त्यांच्यावर वचक बसावा म्हणून, असं सांगतात. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं आणि १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. मग क्रूस पणजीला आदिलशहाच्या वाड्यात आणला, आणि तिथून १९१८ मध्ये इथे.

मी हे कुजबुजत सांगितलं. शांतादुर्गेचं मूळ ठाणं कवळ्याचं नाही, साष्टीतल्या केळशीचं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा, साधारण १५६० च्याच दशकात, देवीला रातोरात नदीपार अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या बाजूला, नेलं. म्हणजे ज्यांच्या भीतीने आमची देवी निघाली त्यांच्या कचेरीतला हा क्रूस. मला वाटलं आईला राग येईल, निदान चेहरा तरी आक्रसेल. माझा आक्रसला होता.

ती बराच वेळ त्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"म्हणजे यानंही बिऱ्हाडं बदललीच की," ती म्हणाली. "तीन झाली."

फुलांवाल्या बाईंनी आम्हाला निघताना दोन शेवंत्या दिल्या. त्या आईने केसात माळल्या.

तिथून मळा नावाच्या भागाच्या बाजूला फोंत फिनिक्स. टेकडीच्या पायथ्याचा झरा. 'फोंत' म्हणजे झरा, आणि फोंताइन्यास हे नाव या पाण्यावरूनच. पुढे टेकडीवर मारुतीचं देऊळ दिसतं, भगव्या रंगाचं, भरपूर पायऱ्यांचं. आईने पायऱ्या पाहिल्या, खालूनच हात जोडले आणि म्हणाली, "त्याला उडी मारता येते, मला येत नाही." मी एकटी वर जाऊन आले. वरून ओली कौलं, खाडी, पलीकडे पाटोच्या काचेच्या इमारती आणि मांडवीवरचे पूल. १९८६ मध्ये एकच होता आणि तोही पडला. आता शेजारी शेजारी तीन उभे आहेत, त्यातला अटल सेतू २०१९ चा.

दुपारी काळुंदर मिळालं. दोनच, पण मिळालं. रवा लावून तळलेलं. किसमुरीत ओलं खोबरं, कच्चा कांदा, चिंच आणि भाजलेली सुंगटं. आई दोन तास झोपली. मी गॅलरीत बसले आणि काहीच केलं नाही. 'काहीच केलं नाही' हे वाक्य मी किती वर्षांनी लिहितेय.

दिवस तिसरा, गुरुवार

पहाटेपासून जो लागला तो थांबलाच नाही. खाडीच्या कडेचा रस्ता पाण्याखाली. कालचे धुतलेले कपडे आज कालच्यापेक्षा ओले. जुन्या घरात राहायची हौस असेल तर हेही ऐकून ठेवा: पावसाळ्यात उशीला कुबट वास येतो, लाकडी कपाट उघडलं की बंद होत नाही, शेजारच्या खोलीतला माणूस बाथरूमला गेला की आपल्या खोलीची फळी कुरकुरते, आणि टॉवेल तीन मागितले तर दीड कोरडा मिळतो. मी बुरशीचा एक ठिपका छतावर शोधून काढला आणि दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवलं. खोली देखणी होती यात शंका नाही. पण 'बुटीक' म्हणून जो पैसा घेतात त्यात एक डिह्युमिडिफायर बसायला हवा.

खोलीत तरी किती बसणार? पाटोला राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, खाडीवरची पुलकी ओलांडली की आलंच. या संस्थेची सुरुवात १८३२ ची, म्हणजे मुंबईत पहिली आगगाडी धावण्याच्याही एकवीस वर्षं आधीची. इमारत मात्र नवीकोरी, लिफ्ट असलेली. लिफ्ट बघून आईचा चेहरा उजळला.

ग्रंथालयाला नाव आहे कृष्णदास शामाचं. दारातल्या पाटीपाशी मला थांबावंसं वाटलं. १५२६ साली, पोर्तुगीज गोव्यात येऊन जेमतेम सोळा वर्षं झाली असताना, या माणसाने मराठीत ओवीबद्ध कृष्णचरित्र लिहिलं. आणि तो होता कुठला? केळशीचा. आमच्या देवीच्याच गावचा. आईला हे सांगितल्यावर तिने पाटीला नमस्कार केला. तिची नमस्कार करायची पद्धत एकच आहे, देव असो, पाटी असो, की एसटीचा ड्रायव्हर.

मराठी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी चार-पाच म्हातारे होते. गोव्यातले मराठी पेपर म्हणजे बातमी मराठी आणि हेल कोकणी. आईने एक ओढला आणि सगळ्यात आधी निधनवार्ता वाचायला घेतल्या. मग देवळांच्या जत्रा-उत्सवांच्या बातम्या. मग पावसाचे इंच. शेजारच्या गृहस्थांनी त्यांचा पेपर वाचून झाल्यावर न मागता तिच्यापुढे सरकवला. तीन तास. मी मध्ये खाली जाऊन चहा पिऊन आले, दोन मजले फिरले, पोर्तुगीज भाषेतल्या जाडजूड ग्रंथांचे कणे बघितले आणि परत आले, तर तिची शब्दकोड्यापर्यंत मजल गेली होती.

परतताना रस्त्याच्या कडेला एक बाई सागाच्या पानात अळंबी घेऊन बसलेल्या. वारुळावर उगवणारी ही पावसाळी अळंबी गोव्यात सोन्याच्या भावाने जाते. भाव ऐकून मी पुढे निघाले. आई तिथेच बसली. घासाघीस कोणत्या भाषेत झाली ते कळलं नाही, पण शेवटी पुडा आमच्या हातात होता. रात्री मावशीने त्याची शागुती केली आणि स्वतःही आमच्या टेबलावर बसून जेवली. मॅनेजर मुलगा आधी बिचकला, मग त्यानेही पाव घेतला. हॉटेलात त्या रात्री आम्ही सोडून एकच पाहुणा होता आणि तो ऑनलाइन मागवलेला पिझ्झा खात होता. असो.

दिवस चौथा, शुक्रवार

आज ऊन. आणि ऊन पडल्याबरोबर माणसं.

दोन दिवस ज्या गल्लीत आमच्या चपलांचा आवाज घुमत होता तिथे सकाळी नऊला तीन ग्रुप. एक मुलगी लाल झग्यात निळ्या भिंतीला टेकून, तिचा मित्र रस्त्यात आडवा पडून फोटो काढतोय, स्कूटरवाला वाट बघत उभा. कुणाच्या तरी दाराच्या पायरीवर बसून चौथी रील. समोरच्या घराच्या फाटकाला पाटी आहे, 'हे राहतं घर आहे, कृपया फोटो काढू नका.' पाटीच्या शेजारी उभं राहून फोटो चालू होते. बनियनवाले आजोबा गॅलरीत आले, खाली पाहिलं, आत गेले आणि दार लावून घेतलं. दोन दिवसांत त्यांचं दार लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी मनातल्या मनात त्या पोरांना नावं ठेवत होते. मग माझ्या फोनमधले एकशे चाळीस आठवले. त्यातल्या किती घरांना मी विचारलं होतं? पोपडे सुटलेली ती भिंत. तिच्या मालकाला ते नऊ फोटो दाखवले असते तर तो खूश झाला असता का?

मी बॅग भरत होते. आई रोजच्यासारखी खिडकी उघडून बसलेली, अंगात फुलाफुलांचा गाऊन, हातात अर्धी पोयी. एकदम तिचा आवाज चढला.

"गो बाय! कोणाचो फोटो काडतंस?"

खाली कॉलेजच्या वयाची एक मुलगी, गळ्यात मोठा कॅमेरा, चेहरा पांढराफटक. "सॉरी आंटी! विंडो खूप सुंदर आहे. तुम्ही पण. डिलीट करते."

"डिलीट कशाला? गाऊनवर आहे मी, जरा थांब." आणि ही बाई आत आली, माझी ओढणी खांद्यावर घेतली, परवाची शेवंती सुकली होती तरी केसात खोचली, आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसली. "आता काढ. आणि मला पाठव." खाली मुलीने नंबर घेतला, वर आईने तिला राहिलेली पोयी खायचा आग्रह केला. "पण समोरच्यांचा काढू नको हां. त्यांना आवडत नाही." चार दिवसांची पाहुणी, पण सूर असा की मोस्मीकराने माड लावले तेव्हापासून इथेच राहतेय.

निघताना मावशीने सुक्या सुंगटांची पुडी दिली आणि आईने तिला माझ्या बॅगेतला चिवडा. मुलाने बिलातून एका रात्रीचे पैसे कमी केले होते. मी काही बोलले नव्हते. जिना उतरताना त्याने आईचा हात धरला, तिने धरू दिला.

वाटेत कवळे. देवीला न भेटता गोव्यातून परत जाणं आमच्यात होत नाही, आणि वार शुक्रवार. ओटी, तीर्थ, तळ्याकाठी पाच मिनिटं. आईने डोळे मिटून देवीशी बरंच काही बोलून घेतलं. एवढा वेळ ती कधी लावत नाही. नारळाचं सांगितलंस का, असं मी विचारलं, तर नुसती हसली.

मडगावला संध्याकाळची कोकणकन्या. थिवी गेल्यावर फोन वाजला. त्या मुलीने फोटो पाठवला होता. शिंपल्यांची एक झडप उघडी, आत अंधार, आणि अंधारात फुलाफुलांचा गाऊन, ओढणी, अर्धी पोयी आणि आईचं ऐटीतलं तोंड. आईने तो चष्मा पुसून पुसून तीनदा पाहिला आणि बाबांना पाठवला.

सावंतवाडी यायच्या आत बाबांचं उत्तर आलं: "अभिषेकाची पावती घेतली का?"